क्लीनरची जागा

नोकरीतून मोकळी झालेली माणसं काय वाटेल ते करतात. कोणी झाडं लावतं, कोणी पहाटे फिरायला निघून गल्लीतली कुत्री उठवतं, कोणी पस्तीस वर्षांनी बायकोला चहा कसा करायचा ते शिकवायला लागतं. उस्तादांनी ट्रक आणला. तोही धड चालणारा नाही. पुढे बॉनेटचं लांबलचक नाक असलेला, जुन्या काळचा अवजड ट्रक. टायरांच्या चिंध्या, चाकांवरचे स्प्रिंगचे पोलादी पाटे पार बसलेले, आणि सीटच्या भोकात कोंबडीने संसार थाटलेला. दुसऱ्या गाडीने ओढत आणून तो घरामागच्या लाकडाच्या रिकाम्या वखारीत ढकलला, तेव्हा उस्तादांची धाकटी बहीण आपल्या वहिनीला म्हणाली, "घ्या! उतारवयात सवत आली तुमच्या घरात."

"सवत असती तर बरं झालं असतं," वहिनी म्हणाली. "चार भांडी तरी घासली असती तिने."

गल्लीत या वहिनीला सगळे टेलरबाई म्हणत. पुढच्या खोलीत खिडकीशी शिवणाचं मशीन, आणि गळ्यात कायम माप घ्यायची टेप. झोपतानाच काय ती काढून ठेवते, असं उस्ताद सांगायचे.

आता ट्रक आणला तर कोणता? सात नंबर. मालवाहतुकीच्या कंपनीत उस्तादांनी पहिली चौदा वर्षं जिच्यावर काढली, तीच गाडी. दारावरचा सातचा आकडा गंजाखालून अर्धाच दिसत होता, पण तेवढ्यावर त्यांनी तिला भंगारवाल्याच्या आवारात ओळखलं आणि तिथल्या तिथे एका फुटक्या टाकीवर बसकण मारली. घरी येऊन म्हणाले, "अगं, सात नंबर सापडली."

बाईंनी मशीन थांबवलं. "मग तिथे कशाला ठेवलीत? घेऊन या."

उस्ताद इतके हरखले, की ही एवढ्या पटकन हो का म्हणाली, हा विचार त्यांच्या डोक्याला शिवलाही नाही. तो शिवला असता तर पुढचा सगळा घोळ वाचला असता.

बाईंच्या मनात एकच गोष्ट होती, आणि ती लग्न झाल्यापासून होती. उस्ताद फेरीवरून आले की हात धुता धुता सांगायचे, "घाटातल्या तिसऱ्या वळणावर सगळं खोरं खाली उघडं पडतं. नदी दिसते, गाव दिसतं, आपलं घर दिसतं. संध्याकाळ असली तर तुझ्या मशीनवरचा दिवासुद्धा दिसतो. पण ट्रकच्या केबिनमधूनच हं! कठडा उंच आहे, बसमधून काही नाही दिसायचं." बाई त्या घाटातून बसने सहा वेळा गेल्या होत्या, लेकीच्या गाडीतून दोनदा. आठही वेळा त्यांना कठड्याचे दगड दिसले. दगड चांगले होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण जिथून आपलं घर बघत बघत हा माणूस इतकी वर्षं घरी आला, ती जागा त्यांना एकदा बघायची होती.

आणि त्यांनी विचारलंही होतं. लग्नाला वर्ष झालं असेल नसेल. सकाळीच कंपनीच्या गेटवर जाऊन त्या म्हणाल्या होत्या, "मला एकदा तिसऱ्या वळणापर्यंत न्या ना. मी बसने परत येईन." उस्तादांनी केबिनचं दार उघडलं आणि काचेच्या वरच्या पट्टीवर रंगवलेली ओळ हनुवटीने दाखवली: "केबिनमध्ये चालक व क्लीनर यांच्याशिवाय कोणीही बसू नये." नियम तो नियम. त्याच महिन्यात एका ड्रायव्हरने मेव्हण्याला बसवलं, तर कंपनीने ड्रायव्हरलाच घरी बसवलं होतं. बाईंना ते पटलं. राग आला नाही. पण त्यानंतर त्यांनी पुन्हा कधी शब्द टाकला नाही, आणि उस्तादांना वाटलं, विसरली. नवऱ्यांना असं वाटतं. सोयीचं असतं ते.

तर चार वर्षं वखारीत ठोकाठोक चालली. उस्तादांच्या जोडीला दोन मित्र होते. एक पेंटर: अंगाने काडी, दुकानांच्या पाट्या रंगवण्यात जन्म गेलेला, कानाच्या पाळीवर सदा कुठला तरी रंग. दुसरा वायरमन: देहाने भक्कम, आणि प्रत्येक गोष्ट तीनदा सांगणारा, कारण पहिल्या दोन वेळा कोणी ऐकलं नसेल अशी त्याला खात्री. रविवारी सकाळी दोघं हजर व्हायचे ते बाईंनी जेवायला हाक मारेपर्यंत गाडीखालून बाहेर यायचे नाहीत. कधी कधी हाक ऐकूनही नुसते सहा पाय दिसायचे.

त्यांनी आधी गाडी जॅकवर उचलून लाकडाच्या ठोकळ्यांवर बसवली आणि चाकं काढून टाकली. मग इंजिन उतरवलं. दोन वर्षं ते इंजिन वखारीच्या मधोमध एका टेबलावर होतं, आणि तिघं त्याच्याभोवती वैद्यांसारखे उभे राहून माना हलवायचे. गाडीचे दिवे एका आवारात मिळाले, दाराची मूठ भलत्याच गावात, स्टिअरिंगचं चाक एका धाब्यावर घड्याळ म्हणून टांगलेलं सापडलं. मूळ रंग कोणता यावर तर पेंटर आणि वायरमन महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. शेवटी पेंटरने पात्याने रंगाचे पाच थर एकेक करून खरवडले, आणि तळाशी निघाला मोरपंखी निळा. "मी निळाच म्हणत होतो," वायरमन म्हणाला. तो हिरवा म्हणत होता. तेही तीनदा.

जे जुनं ते जसंच्या तसं, अशी त्यांची शपथ होती. पण हौसेला मोल नसतं, आणि त्यांच्या हौसेला तर आवरही नव्हता. टपावर वायरमनने पाच पिवळे दिवे आणि दोन लांब भोंगे बसवले. पेंटरने हौद्याची पुढची लाकडी भिंत नव्याने केली, केबिनच्या डोक्यावर वीतभर उंच, खिळा न वापरता नुसती खाचेत खाच घालून, आणि तिच्यावर उगवता सूर्य रंगवला. ती भिंत बघायला शेजारपाजारचे आले, तर पेंटर त्यांना चपला बाहेर काढायला लावायचा.

केबिनचं आतलं काम बाईंचं. टपाला अस्तर, खिडक्यांना झालर लावलेले पडदे आणि दोन सीटा. सीटांसाठी त्यांनी लाल जाड कापड निवडलं. ड्रायव्हरच्या सीटचं माप उस्तादांचं घेतलं. पलीकडची सीट, म्हणजे क्लीनरची, तिचं माप त्यांनी कोणाला विचारलं नाही. एका दुपारी कोणी नसताना शिडी लावून त्या केबिनमध्ये चढल्या, उघड्या फळीवर बसल्या आणि स्वतःचं माप घेतलं. पाठ इतकी, मांडी इतकी, पाय टेकतील इतकी उंची. सीट झाल्यावर पेंटर तीत बसून बघायला गेला तर त्याचे गुडघे छातीला लागले.

"वहिनी, जरा अडचणीचं होतंय हो."

"वापराने सैल होईल," बाई म्हणाल्या आणि दोरा तोडला.

कबूल करायला हवं, बाई तेव्हा खुशीत होत्या. कंपनी आता नव्हती, मालक नव्हते, गेट नव्हतं. गाडी स्वतःची. आपल्याला विचारतील, असं त्यांनी धरूनच चाललं होतं. मग एका सकाळी त्या पडदे टांगायला केबिनमध्ये चढल्या, आणि काचेच्या वर ती ओळ पुन्हा उमटलेली. रंग अजून ओला. "केबिनमध्ये चालक व क्लीनर यांच्याशिवाय कोणीही बसू नये." तेच अक्षर, तीच वेलांटी.

"काय सापडलंय बघा वहिनी!" खालून पेंटर आनंदाने ओरडला. "गंज काढला तर खाली अख्खी ओळ! एक काना हलू दिला नाही मी!"

बाईंनी खिडकीतून खाली नवऱ्याकडे पाहिलं. उस्ताद नट पुसत होते. "छान उतरलंय," ते म्हणाले, आणि बाईंच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. बाईंनी पडदा टांगला. जुनं ते जसंच्या तसं म्हणजे हेही जसंच्या तसं का, असं त्यांच्या मनात आलं, आणि दुपारच्या जेवणात मीठ जरा जास्त पडलं. तिघं नुसते पाणी पीत राहिले. तिघांत तेवढी अक्कल होती.

त्याच आठवड्यात ठरलं, की येत्या रविवारी जुन्या गाड्यांचा मेळावा आहे, घाट चढून पठारावर जायचं. सात नंबरची पहिली फेरी. लगेच शेजारच्या सीटवरून जुंपली. केबिनमध्ये दोनच जागा, मध्ये गिअरचा दांडा. पेंटर म्हणे, रंग माझा. वायरमन म्हणे, माझ्या वायरी नसत्या तर तुझा रंग अंधारात बसला असता, अंधारात, अंधारात. उस्तादांनी दोघांना गप्प केलं. "चिठ्ठ्या टाकू. जाताना एक, येताना एक." त्यांनी खोक्यावरचा पुठ्ठा फाडून दोन चिठ्ठ्याही केल्या. तिसऱ्या चिठ्ठीचं कोणाच्या मनातही आलं नाही. बाई तिथेच होत्या, हातात चहाच्या कपांचा ट्रे होता. तो त्यांनी इंजिनाच्या जुन्या टेबलावर जरा जोरात ठेवला.

बुधवारी नवे पाटे बसले, नवे टायर आले. गुरुवारी सकाळी चाकं चढली, हवा भरली, ठोकळे काढले आणि जॅक सोडला. चार वर्षांत पहिल्यांदा सात नंबर स्वतःच्या पायांवर उभी राहिली. नवे पाटे, नवे टायर. चांगली फुगून, छाती काढून उभी होती. तिघं मागे सरकून बघत राहिले. उस्तादांचे डोळे भरून आले. वायरमनने नाक शिंकरलं. आणि शिंकरता शिंकरता मान वर गेली, तर तो तसाच राहिला.

"उस्ताद," तो म्हणाला. फक्त एकदाच म्हणाला, म्हणून दोघांनी दचकून पाहिलं.

वखारीच्या दारावर लाकडाची तुळई होती. हौद्याच्या भिंतीवरचा उगवता सूर्य त्या तुळईच्या वर चार इंच गेला होता.

आता सांगा! चार वर्षं गाडी ठोकळ्यांवर, बिनचाकाची, पाटे बसलेली. याच दारातून ती आत आली तेव्हा वर हातभर जागा होती, म्हणून तिघंही निर्धास्त. पेंटरने भिंत बांधताना टेप लावली होती, नाही असं नाही. पण लावली ती बसलेल्या गाडीला. मग पाट्यांनी तिला उचललं, टायरांनी उचललं, आणि अतिशहाण्यांचा ट्रक रिकामा राहायची वेळ आली.

तासभर एकमेकांचा उद्धार झाला. भोंगे आणि दिवे उतरवले, पण आडवी येत होती ती भिंत. ती काढायची म्हणजे खाचा फोडायच्या. पेंटर म्हणाला, आधी माझ्यावरून गाडी घाला. तुळई काढावी तर वरची सगळी भिंत डोक्यावर. टायरांतली हवा कमी करून पाहिली, दोन इंच मिळाले. दोन इंच उरले. उस्ताद ठोकळ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. चौदा वर्षं सात नंबर घेऊन हा माणूस कुठे कुठे शिरला आणि निघाला, आणि आता स्वतःच्या परसात अडकला होता.

बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. एकदा तुळईकडे पाहिलं, एकदा सूर्याकडे.

"माप बसलेल्या माणसाचं घेतलंत," त्या म्हणाल्या, "आणि शिवलंत उभ्याला."

कोणी हसलं नाही. बाईंना मात्र हसू आवरेना. पदोपदी ज्यांनी त्यांना "जसंच्या तसं" ऐकवलं, त्या तिघांची तोंडं बघून कोणाला आवरलं असतं? मग त्या दाराशी वाकल्या आणि चपलेच्या टाचेने जमीन उकरून पाहिली. माती होती, घट्ट दाबलेली.

"पँट आखूड झाली की मी काय करते?" त्यांनी विचारलं.

"काय करता?" वायरमन म्हणाला.

"खालची दुमड सोडते. वरून कोणी जोडत नाही. दार वर जात नाही, गाडी खाली येत नाही, तर जमीन खाली घ्या. चाकांपुरते दोन चर खणा, आतून बाहेरपर्यंत."

तिघं एकमेकांकडे बघायला लागले. एवढं साधं आपल्याला सुचलं नाही याचा राग आणि सुटल्याचा आनंद, दोन्ही एकदम तोंडावर आले की माणूस फार बावळट दिसतो.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार खणलं. वायरमनने पहार मारायची, उस्तादांनी फावडं ओढायचं, पेंटरने घमेली उचलायची आणि कंबर धरून बसायचं. तीन इंचांवर वखारीच्या जुन्या पायाचा दगड लागला, मग पुढे काही जाईना. म्हणजे वर जागा किती मिळाली? एक इंच. शनिवारी संध्याकाळी बाईंनी टेप लावून खात्री केली. एक इंच म्हणजे एक इंच.

रविवारी सकाळी निघायच्या आधी त्या घरात जाऊन आल्या. पुढच्या खिडकीशी त्यांचं काहीतरी चाललं होतं, पण तिकडे लक्ष द्यायला कोणाला फुरसत नव्हती. उस्तादांनी सेल्फ मारला. इंजिन दोनदा कण्हलं, मग धरलं, आणि वखारीतली चार वर्षांची धूळ एकदम हवेत उडाली. गाडी उलटी बाहेर काढायची होती. मागचा भाग आधी, सूर्य सगळ्यात शेवटी. आरशात तुळई दिसत नव्हती, म्हणून कोणीतरी दाखवायला हवं होतं.

वायरमन मागे उभा राहिला. "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे, डावीकडे, तुमच्या नाही, माझ्या डावीकडे, थांबा, येऊ द्या, थांबा!"

"थांबू का येऊ?" उस्ताद गरजले.

मग पेंटरला सांगितलं. पेंटरने तोंडावर फडकं घेतलं आणि म्हणाला, "मला बघवणार नाही."

"मला एकच आवाज पाहिजे!" उस्ताद खिडकीतून ओरडले. "एकच! नाहीतर मी गाडी बंद करतो!"

इथे ट्रकवाल्यांची एक रीत सांगायला हवी. गाडी मागे घेताना क्लीनर मागे उभा असतो. तो ओरडत नाही. इंजिनाच्या आवाजात काही ऐकूच येत नाही. तो गाडीच्या अंगावर हात मारतो. एक थाप म्हणजे थांबा, दोन थापा म्हणजे जाऊ द्या. उस्तादांच्या अंगात हे इतकं मुरलेलं होतं की घरीसुद्धा ताटात वाढलेलं पुरे झालं की टेबलावर एक थाप, आणि बाहेर पडायचं असलं की दारावर दोन. तीस-बत्तीस वर्षं बाईंनी त्या थापांवर वाढलं होतं आणि त्या थापांवर चपला घातल्या होत्या.

बाई शिडीने हौद्यात चढल्या. गळ्यातली टेप हातात घेतली, भिंतीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि लाकडावर दोन थापा मारल्या.

केबिनमध्ये उस्तादांनी मान वळवली. मग गाडी मागे घेतली.

गाडी चरांत उतरली. हौदा हळूहळू तुळईखालून सरकायला लागला. बाई उंचीने बेताच्या, तुळई त्यांच्या डोक्यावरून निघून गेली आणि भिंतीकडे आली. चार बोटं उरली. दोन उरली. बाईंनी एक थाप मारली. गाडी जागच्या जागी थांबली.

"वायरमन, इथे भिंतीच्या माथ्यावर तुमच्या वायरीचा एक बोल्ट राहिलाय."

वायरमन पाना घेऊन धावला, बोल्ट काढला, आणि एकदाही काही न बोलता खाली उतरला. बाईंनी मधल्या फटीत टेप धरली. दोन थापा. उगवता सूर्य तुळईखाली गेला. फटीतून उजेडाची एक सरळ रेघ दिसत होती. बाईंचे डोळे त्या रेघेवरून हलले नाहीत. उजवीकडे रेघ बारीक झाली, तशी एक थाप. उस्तादांनी चाक केसभर फिरवलं. दोन थापा. पेंटर फडक्याआडून विचारत होता, "लागलं का? लागलं का?" मग उजेड एकदम मोठा झाला, सूर्यावर खराखुरा सूर्य पडला, आणि सात नंबर अंगणात उभी होती. रंगाचा एक कण गेला नव्हता.

गल्लीतल्यांनी टाळ्या वाजवल्या. पेंटर वायरमनच्या गळ्यात पडला, आणि त्याच्या शर्टाला कानाचा निळा रंग लागला. दिवे आणि भोंगे परत चढवले, टायरांत हवा भरली. मग दोघांना एकदम चिठ्ठ्यांची आठवण झाली. "काढा, उस्ताद, काढा, काढा."

बाई हौद्यातून उतरून पलीकडच्या दाराशी गेल्या होत्या. दार उघडून उभ्या होत्या.

"वहिनी, अजून चिठ्ठी निघाली नाही," पेंटर म्हणाला.

"तुम्ही आत काय रंगवलंय ते वाचा."

पेंटरने मान आत घातली. स्वतःचंच अक्षर त्याने मोठ्याने वाचलं. "केबिनमध्ये चालक व क्लीनर यांच्याशिवाय कोणीही बसू नये."

"चालक ते," बाई म्हणाल्या. "आणि आत्ता गाडी काढली ती कोणी?"

पेंटरने वायरमनकडे पाहिलं. दोघंही नियमाची माणसं; चार वर्षं जसंच्या तसं, जसंच्या तसं म्हणून एकमेकांचं डोकं खाल्लं होतं. आता कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

उस्ताद मात्र बायकोकडेच बघत होते. खाली उतरून, नाकाला वळसा घालून ते तिच्यापर्यंत आले. हातात चिठ्ठ्या तशाच होत्या.

"तू गेटवर आली होतीस," ते म्हणाले. "तिसऱ्या वळणापर्यंत न्या म्हणाली होतीस. मी ही ओळ दाखवली होती."

"हो."

"मला वाटलं, विसरलीस."

"मी कशाला विसरू? मापं लक्षात ठेवायचा धंदा आहे माझा."

उस्तादांनी हातातल्या चिठ्ठ्या चुरगाळल्या. "चुकलंच माझं," ते म्हणाले. "तेव्हा नोकरी होती, तेव्हाचं सोड. पण ही चार वर्षं? एकदा तरी तुला विचारायला हवं होतं." मग त्यांनी पेंटरला हाक मारली. "ब्रश आण. ती ओळ पुसून टाक."

"खबरदार!" बाई म्हणाल्या. "तिच्यावरच तर मी बसणार आहे. मूळ आहे ती, राहू द्या."

उस्तादांनी चिठ्ठ्या खिशात कोंबल्या, खांद्यावरच्या फडक्याने लाल सीट पुसली आणि हात पुढे केला. पायरी उंच होती. गुडघा एकदा कुरकुरला, बाईंनी त्याला दटावलं, आणि त्या वर जाऊन बसल्या. पाठ टेकली. पाय बरोबर टेकले.

"आता कळलं, माझे गुडघे का अडकत होते!" पेंटर ओरडला.

पेंटर आणि वायरमन हौद्यात खुर्च्या टाकून बसले. हौद्यात बसू नये असं कुठेही रंगवलेलं नव्हतं. बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला, दाराच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, आणि सात नंबर निघाली. वाटेत दोघं मागे कोण कोणाच्या उन्हात बसलंय यावरून भांडत होते, आणि भोंगा ऐकून रस्त्यावरची माणसं हात करत होती. त्यातला एक भोंगा वासरासारखा ओरडायचा. तो वायरमनचा लाडका.

घाट लागला. उस्तादांनी गिअर उतरवला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. बाई सरळ बसल्या होत्या. तिसऱ्या वळणावर कठडा आला, तेच ओळखीचे दगड, आणि यावेळी ते खाली राहिले. खोरं उघडं पडलं.

बाईंनी पत्र्यावर एक थाप मारली.

उस्तादांनी गाडी कडेला घेऊन थांबवली. मागून पेंटर विचारत होता, काय झालं, काय झालं? खाली नदी होती. गाव होतं. त्यांची गल्ली होती, वखारीचं काळं छप्पर होतं, आणि त्याच्या पुढ्यात एका खिडकीत काहीतरी लाल फडफडत होतं.

"ते लाल काय आहे गं?" उस्तादांनी डोळे बारीक करून विचारलं.

"सीटचं उरलेलं कापड. सकाळी टांगून आले. म्हटलं, दिवसा दिवा काही दिसणार नाही."

उस्ताद हसले, आणि हसता हसता त्यांनी बाहीने डोळे पुसले. इंजिन चालूच होतं. ते स्टिअरिंगवर हात ठेवून वाट बघत राहिले, कारण क्लीनरने सांगितल्याशिवाय गाडी हलवायची नसते. आणि दोन थापा काही बाईंनी बराच वेळ मारल्या नाहीत.